भिंतीवरची शेतकरीण



यंदाच्या व्याख्यानाचा विषय कळवा, असे मंडळाचे पत्र आले तेव्हा मी उत्तरात ‘भिंतीवरची शेतकरीण’ एवढेच लिहून पाठवले. कार्यवाहांचा लगेच फोन आला : ‘वारली चित्रांवर बोलणार का?’ मी म्हटले, तिथे जायचेच आहे, पण सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल आणि इंग्लंडला जायचे तेही कुकटपल्लीतूनच. ते काही वेळ गप्प राहिले. तुम्हीही आता तसेच गप्प बसला आहात, म्हणून आधी खुलासा करतो.

आमच्या घराकडून मेट्रोच्या स्थानकाकडे जाताना एक कॉफीचे दुकान लागते. तरुण मुलेमुली तिथे संगणक उघडून तासन् तास बसतात. आत भिंतीवर तीनचार जुनी चित्रे छान चौकटीत लावलेली आहेत. त्यांतले एक इंग्लंडमधले, दुसऱ्या महायुद्धातले आहे. हिरवा लोकरी स्वेटर घातलेली गोबऱ्या गालांची एक तरुणी लांब दांड्याचे दाताळे हातात धरून उभी आहे. चेहरा हसरा आणि मागे शेतीवाडी. आरोग्याचे आणि आनंदाचे काम हवे असेल तर स्त्रियांच्या शेतीसेनेत या, अशा अर्थाचा मजकूर चित्रावर आहे. क्लाइव्ह अप्टन या चित्रकाराचे हे पोस्टर जगभर फार प्रसिद्ध आहे. आता ते छापून विकतात, आणि लोक दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, दुकानात लावतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मी विचारले, ही कोण आहे? तो म्हणाला, ‘व्हिंटेज आहे अंकल.’ उत्तर चुकीचे नव्हते.

दुकानाच्या बाहेर, पदपथावर, एक म्हातारी फुले विकते. तेलुगू आणि दखनी मिसळून बोलते. तिला मी एकदा विचारले होते, हौसिंग बोर्डाची वसाहत होण्याआधी इथे काय होते? ती हाताने दाखवत म्हणाली, तिकडे चेरुवु, म्हणजे तळे, आणि तळ्याच्या खाली भाताची खाचरे. तरुणपणी ती इथे ‘नाट्लु’ला, म्हणजे भाताच्या लावणीला, आणि ‘कलुपु’ला, म्हणजे निंदणीला, येत असे. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम. म्हणजे ज्या जमिनीवर ती चौकट टांगली आहे, त्याच जमिनीवर शेतात राबलेली बाई दुकानाच्या पायरीखाली बसलेली आहे आणि हजारो मैलांवरची शेतकरीण आत, काचेमागे, दिव्याच्या प्रकाशात. दुकानदाराचा यात काही दोष नाही. आपल्या भातलावणीवालीचे तसे चित्र त्याला बाजारात मिळणारच नाही. ते का मिळत नाही, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी त्या इंग्रज मुलीची हकिकत. विमेन्स लँड आर्मी, आपण तिला शेतीसेना म्हणू, पहिल्यांदा निघाली १९१७ साली. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवत होत्या, शेतावरचे गडी खंदकांत गेले होते, आणि ब्रिटनला स्वतःच्या जमिनीतून पिकवून खाण्याची पाळी आली. त्याच वर्षी हेन्री जॉर्ज गॉथॉर्न या चित्रकाराने एक पोस्टर केले : घोड्यांच्या नांगरामागे चालणारी स्त्री, आणि त्या नांगराचे व तो हाकणारणीचे भले होवो अशा आशयाची ओळ. हे पोस्टर लक्षात ठेवा. नांगराकडे आपल्याला परत यायचे आहे. अमेरिकेतही तशीच सेना निघाली आणि १९१८ साली हर्बर्ट पॉस याने तिचे रंगीत पोस्टर काढले. महायुद्ध संपले, आणि १९१९ साली ब्रिटनची शेतीसेना बरखास्त झाली.

वीस वर्षांनी, जून १९३९ मध्ये, ती पुन्हा उभी राहिली. लेडी गर्ट्रूड डेनमन तिच्या प्रमुख होत्या. युद्ध ऐन भरात असताना ऐंशी हजारांहून अधिक स्त्रिया या सेनेत होत्या. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक लंडनमधून आणि उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांतून आलेल्या. कुणी दुकानात विक्रेती होती, कुणी केस कापणारी, कुणी टंकलेखिका. गाय त्यांनी चित्रातच पाहिलेली. ईव्हलिन डनबर या चित्रकर्तीने या मुलींची पुष्कळ चित्रे काढली. ती सरकारने नेमलेली युद्धचित्रकार होती. तिच्या एका चित्रात मुली लाकडी घोडीला टांगलेल्या कापडी पिशवीतून धार काढायला शिकत आहेत. खरी गाय बिचकू नये म्हणून आधी खोटी कास! आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या आठ वर्षांच्या पोरीला ते चित्र दाखवले तर ती पोट धरून हसेल. मला मात्र ते चित्र अप्टनच्या पोस्टरपेक्षा जास्त आवडते, कारण त्यात मुली हसत नाहीत. खाली मान घालून, कपाळाला आठ्या घालून त्या शिकत आहेत.

पोस्टरातला आनंद आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर होते, हे सांगायला नकोच. पहाटे उठून धारा, गोठ्यातले शेण, थंडीत बटाटे काढणे, कोबी तोडणे, आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी. घोड्यांच्या, ट्रॅक्टरच्या, उंदीर मारण्याच्या कामालाही त्या होत्या. युद्ध संपत आले तेव्हा सैन्यातल्या आणि नागरी संरक्षण दलातल्या स्त्रियांना ज्या सवलती आणि जी रक्कम मिळणार होती, ती शेतीसेनेला नाकारण्यात आली. त्याच्या निषेधार्थ लेडी डेनमन यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला. सेना १९५० साली बरखास्त झाली, आणि हयात असलेल्या स्त्रियांना सरकारने सन्मानाचा बिल्ला दिला तो २००८ साली. तोवर बहुतेकजणी गेल्या होत्या. पोस्टर टिकले ते टिकलेच.

म्हणजे चित्र झाले, म्हणून मान मिळाला, असे त्यांचेही झाले नाही. पण चित्र झाले ते का? माझे उत्तर साधे आहे. इंग्लंडच्या शहरी नजरेला शेतात काम करणारी तरुणी ही नवी गोष्ट होती. तिला घरातून, दुकानातून बोलावून आणायचे होते, म्हणून तिला गोरीगोमटी, हसरी, स्वच्छ काढावी लागली. पोस्टर हे बोलावणे असते. जी शेतात आधीपासूनच आहे, तिला कोण बोलावणार?

आता आपल्याकडे या.

त्याच महायुद्धात हिंदुस्थानी सैन्याची संख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून पोरे भरती झाली. पहिल्या महायुद्धातच सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान मारले गेले होते. त्या गावाला आजही लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. या गावांतली शेते पडीक राहिली का? नाही. ती कुणी केली, याचा विचार करायला संशोधन लागत नाही. गडी गेला, बाई होती, सासू होती, पोरे होती.

१९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली. विजापूरकडे दुष्काळ पडला, बंगालमध्ये त्याहून भयंकर. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. आणि १९४२ सालीच हिंदी स्त्रियांसाठी एक दल निघाले, विमेन्स ऑक्झिलरी कोअर. त्याच्या जाहिराती निघाल्या, चित्रे निघाली. पण ते दल कचेरीतले टंकलेखन, टेलिफोन, मोटार हाकणे अशा कामांसाठी होते, आणि त्याचे बोलावणे शिकलेल्या शहरी मुलींना होते. शेतीसाठी स्त्रियांची सेना इथे कुणाला सुचलीही नाही. ती आधीच उभी होती, बिनपगारी आणि बिनगणवेशाची. मोहिमेतला ‘शेतकरी’ मात्र पुल्लिंगीच राहिला.

आपल्या भिंतींवर तेव्हा काय होते? देव होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून, जो १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचल्या होत्या. धान्य देणारी लक्ष्मी कमळावर उभी होती. चिखलात उतरणारी कुणी भिंतीवर नव्हती. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेच, ऑटो रॉथफेल्ड नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी देशातल्या प्रांतोप्रांतीच्या, जातीजातीच्या स्त्रिया रंगवल्या. १९२० साली मुंबईच्या तारापोरवालांनी ते पुस्तक काढले. धुरंधरांचा हात किती गोड होता हे मी सांगायला नको. लुगड्याची चुण आणि बांगडीची चकाकी त्यांच्यासारखी कुणी काढली नाही. पण ते पुस्तक स्त्रियांचे नमुने दाखवण्यासाठी होते, त्यांचे काम दाखवण्यासाठी नव्हते.

आता नांगराचे. गॉथॉर्नच्या पोस्टरातली इंग्रज स्त्री नांगर हाकते. आपल्याकडे बाईने नांगर धरू नये, असा दंडक महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत होता आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. बाई निंदते, खुरपते, कापूस वेचते, भात लावते, कापणी-मळणी-उफणणी करते. पेरणीत गडी चाड्यावर मूठ धरतो आणि बाई मागून चालत सरत्याने आंतरपिकाचे बी सोडते. पण नांगराच्या रुमण्याला हात लावला तर पाऊस रुसतो, बैल मरतो, काय काय होते म्हणतात. याचा परिणाम असा, की शेतातली बहुतेक कामे बाई करते. परंतु ज्या एका कामावरून ‘शेत कसणारा’ ठरतो, ते तिचे नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण सर्वांनी दिली. त्यातले ‘त्याची’ मलाही फार वर्षे ऐकू आले नव्हते.

‘मदर इंडिया’तली नांगर ओढणारी नर्गिस १९५७ साली घराघरांत पोहोचली, तिची पोस्टरे अजून विकली जातात. तिथेही नांगर बाईच्या खांद्यावर येतो तो आपत्ती म्हणून. रीत म्हणून नाही.

युद्धकाळातल्या आपल्या शेतकरणीची चित्रे मुळीच झाली नाहीत असे नाही. झाली, पण ती आधी उपाशी व्हावी लागली. १९४३ च्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद भट्टाचार्य हा तरुण चित्रकार वही घेऊन मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला. शाईने त्याने जे काढले, त्यात शेत पिकवणाऱ्या घरांतल्या बाया आहेत : हाडांवर कातडे राहिलेल्या, मांडीवर पोर घेतलेल्या, रिकाम्या भांड्याशी बसलेल्या. बंगालच्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानतात. चित्तप्रसादची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका मुंबईत छापली गेली, आणि सरकारने तिच्या प्रती जप्त करून जवळपास सगळ्या जाळल्या. इंग्लंडमध्ये हसऱ्या शेतकरणीची पोस्टरे सरकारी खर्चाने भिंतीवर लागत होती, त्याच सरकारच्या इथल्या शाखेने आपल्या शेतकरणीचे चित्र चुलीत घातले. दोन्ही एकाच युद्धातले. चित्तप्रसाद पुढे मुंबईतच, अंधेरीला राहिला आणि १९७८ साली वारला. त्याची ती चित्रे कुणी कॉफीच्या दुकानात लावणार नाही, आणि लावूही नयेत.

आपल्या निजामशाहीत युद्धाचा फटका बसला तो लेव्हीच्या रूपाने. सरकारला ठरलेले धान्य घालायचे, सरकारी भावाने, घरात खायला असो की नसो. मोठ्या देशमुखाच्या कोठाराला हात लागत नसे; लहान कुळाच्या खळ्यावर मात्र माणूस बसे. तेलंगणात त्यातच ‘वेट्टी’, म्हणजे आपली वेठ. या भागातल्या मंडळींना पालकुर्तीच्या चाकली ऐलम्माची हकिकत माहीत आहे. आपल्यांतल्या नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. ऐलम्मा परीट समाजातली. तिने चार एकर जमीन खंडाने घेऊन केली. विसनूरच्या देशमुखाला ते खपले नाही. १९४५-४६ च्या सुमारास पीक उभे राहिल्यावर देशमुखाची माणसे ते कापून न्यायला आली. ऐलम्मा हटली नाही. आंध्र महासभेच्या, लोक ज्याला ‘संघम’ म्हणत त्याच्या, कार्यकर्त्यांनी तिच्याबरोबर पीक कापले आणि तिच्या घरी पोहोचवले. तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला त्यामागच्या ठिणग्यांत ही एक मानतात. लढा विळ्याने सुरू झाला, कापणीच्या विळ्याने, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

ऐलम्मा १९८५ साली गेली. आज तिचे पुतळे तेलंगणात गावोगाव आहेत. मी पाहिलेल्या चित्रांत ती पदर खोचून, हातात काठी घेऊन उभी आहे. २०२४ साली कोठीच्या महिला विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले, आणि ते विद्यापीठ आहे कुठे, तर कर्कपॅट्रिकने बांधलेल्या जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीत. मान मिळाला, आणि योग्य जागी मिळाला. पण बघा, पुतळ्यात उभी राहिली ती लढणारी ऐलम्मा. चार एकरांत वर्षानुवर्षे वाकलेली ऐलम्मा पुतळ्याच्या कामाची नव्हती. सुनील जानाच्या कॅमेऱ्यानेही तेलंगणातल्या स्त्रिया जगाला दाखवल्या, आणि लोकांच्या लक्षात राहिल्या त्या बंदुकीमुळे. १९५१ च्या ऑक्टोबरात लढा मागे घेतल्यावर या स्त्रियांचे काय झाले, ते ‘मनकु तेलियनि मन चरित्र’ या तेलुगू पुस्तकात त्यांच्याच तोंडून आले आहे. नावाचा अर्थ ‘आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास’. स्त्री शक्ती संघटनेच्या अभ्यासक बायांनी गावोगाव फिरून मुलाखती घेऊन १९८६ साली ते काढले. लढा संपला, आता घरी जा, हे ऐकावे लागल्याचा सल त्यात पुन्हा पुन्हा येतो. शेतीसेनेच्या इंग्रज मुलींनाही वेगळे काही ऐकायला मिळाले नव्हते.

आता कार्यवाहांना दिलेला शब्द पाळतो. वारली.

वारली चित्र आता सर्वत्र आहे : चादरीवर, चहाच्या कपावर, विमानतळावर, आमच्या इमारतीच्या लिफ्टशेजारीसुद्धा. गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांची माणसे, दोन त्रिकोण जोडून केलेली. भात लावणाऱ्या, डोक्यावर भारा घेतलेल्या, मुसळाने कांडणाऱ्या बाया. म्हणजे युद्धकाळातली म्हणा, नेहमीची म्हणा, काम करणारी शेतकरीण आपल्याकडे भिंतीवर होतीच की! होती. आणि ती बायांनीच काढलेली होती. वारल्यांत भिंतीवर लिहायचे, ते चित्र ‘काढतात’ असे म्हणत नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात, ते लग्नाच्या वेळी, आणि सवाशिणींनी. तांदळाच्या पिठाचे पाणी, बांबूची काडी, मध्ये चौक, चौकात पालघाट देवी, आणि भोवती सगळे जग. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे.

हे कौतुकाने सांगितले जाते. पण चौक ज्या लग्नासाठी लिहिला जायचा, त्या लग्नाला पैसे कुठून येत, हे सहसा कुणी सांगत नाही. डहाणू, उंबरगाव भागातला वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा, आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही जमीनदाराचे वेठबिगार व्हायचे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. म्हणजे ज्या दिवशी सासरच्या भिंतीवर तिच्यासाठी देवी लिहिली जायची, त्याच दिवसापासून ती मुलगी दुसऱ्याच्या शेतावर फुकट राबायला बांधली जायची. जमीनदाराच्या घरी तिच्यावर काय प्रसंग येत, ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आपल्यांतल्या बहुतेकांनी ते वाचले असेल. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आजच्या व्याख्यानाऐवजी ते वाचले असते तरी चालले असते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली आले होते. २३ मे १९४५ रोजी, युरोपातले युद्ध संपून जेमतेम पंधरा दिवस झाले असताना, तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्णय झाला. पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी घेऊन वारली संपावर गेले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसे मेली; त्यांत जेठ्या गांगड होता. लाल बावटा आणि लग्नगड्यांची सुटका यांच्या गोष्टी तिथल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. गवत कापणाऱ्यांत बाया होत्या, संपात होत्या, मोर्च्यांत होत्या.

त्या वर्षीच्या लग्नांत, वेठ मोडल्यानंतरच्या पहिल्या लग्नसराईत, चौक लिहिताना त्या सवाशिणींनी भोवतीच्या जगात काय लिहिले असेल? मला हे पाहायला फार आवडले असते. पण ती भिंत टिकावी अशी नसतेच. पाऊस येतो, भिंत पुन्हा सारवली जाते, पुढच्या लग्नाला पुन्हा नवा चौक. सत्तरच्या दशकात शहरातून माणसे आली, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि वारली चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते जगभर नेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेपुढे मी नतमस्तक आहे. पण कागद आला, पैसा आला, आणि बायांची लेखणी बव्हंशी पुरुषांच्या हाती गेली, हेही खरे आहे.

शेवटी थोडे घरचे. माझे आजोळ नांदेड जिल्ह्यात, गोदाकाठी. तेव्हाची मोगलाई. १९४७ च्या उत्तरार्धात आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले आणि पोलीस ॲक्शननंतर, १९४८ च्या सप्टेंबरअखेर, परत आले. १९७२ साली त्यांना ताम्रपट मिळाला. तो आजोळच्या बैठकीत काचेच्या चौकटीत आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते नव्हते त्या सालात अकरा एकरांची ज्वारी, कापूस, तूर आजीने केली. लेव्हीही घातली, आणि काही पोती पेवात दडवून पोरांना जगवलेही. रझाकारांच्या भीतीने गडी पळाला होता. सावडीवर ती दुसऱ्यांच्या रानात चार दिवस खुरपायला जाई, तेव्हा एक दिवस कुणाचा तरी गडी बैल घेऊन येई. मृगाच्या तोंडाला तोही मिळेना.

हे आजीने मला कधी सांगितले नाही. धाकट्या मावशीने सांगितले, तेही आजी गेल्यावर, आणि आवाज खाली आणून. त्या वर्षी आजीने दोन रात्री स्वतः वखर धरला. दिवसा धरला असता तर गावाने नाव ठेवले असते, म्हणून रात्री, चांदण्यात. मावशी नऊ वर्षांची. बैलांपुढे कंदील धरून ती चालत होती, आणि वाटेने कुणी आले तर फुंकून टाकायचा, असे तिला बजावले होते.

सात-बारावर आजीचे नाव आजोबा गेल्यावर, वारस म्हणून लागले. तोवर आंध्रात १९८६ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आला होता; महाराष्ट्रात तो १९९४ साली यायचा होता. १९८६ सालीच चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, आणि त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ निघाली : नवऱ्याने जिवंतपणी, आपणहून, बायकोच्या नावे जमीन करून द्यावी. आमच्या आजोळी एका शेतकऱ्याने दोन एकर करून दिली होती. गाव त्याला हसले होते, असे मामा सांगतो. आजीने मात्र त्याच्या बायकोला घरी बोलावून खणानारळाने ओटी भरली. कारण विचारल्यावर ‘उगीच’ म्हणाली.

मागच्या महिन्यात मी मावशीला विचारले, आजीचे एखादे चित्र, फोटो, शेतातला? ती म्हणाली, एकच फोटो आहे, रेशनकार्डाचा. तो मी मोठा करून आणला आहे. अजून भिंतीवर लावलेला नाही. ताम्रपटाच्या शेजारी लावावा की वेगळा, यावर घरात एकमत होत नाही.